सागवानी झोपाळ्याची ऑर्डर: तास कसे मोजायचे आणि भाव कसा सांगायचा

ऑर्डरप्रमाणे घडवायच्या लाकूडकामाचा भाव सांगताना बहुतेक जण एकच हिशेब करतात: लाकूड एवढ्याचं, त्याच्या साठ टक्के मजुरी, वर पॉलिश. साध्या चौकटीला हे कसंबसं चालतं. कोरीव पाठीच्या आणि कातीव (लेथवर फिरवून गोल घडवलेल्या) दांड्यांच्या झोपाळ्यात हाच हिशेब अंगाशी येतो. लाकूड स्वस्त घेतलं की कागदावर मजुरी घटते, पण कामाचे तास घटत नाहीत. उलट गाठाळ, वाकडं लाकूड जास्त वेळ खातं.

खाली एकच झोपाळा धरून सगळा हिशेब मांडला आहे. ५ फूट लांब, २२ इंच खोल, पाठ आणि दोन हात, पाठीच्या वरच्या पट्टीवर वेलीचं कोरीवकाम, पाठीत १४ कातीव दांड्या. दर उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या गावच्या वखारीचे आणि हजेरीचे दर घालून हिशेब पुन्हा करा. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

टप्पा १: गिऱ्हाईक यायच्या आधी ताशी दर काढून ठेवा

हा दर ऑर्डरीवर अवलंबून नाही, म्हणून निवांत वेळी काढायचा. मिस्त्रीची हजेरी १,२०० रुपये धरू. कारखान्यात तो आठ तास असतो. पण चहा, जेवण, पटाशीला धार लावणं, वीज जाणं, शेजारच्या कामाला हात देणं हे सगळं वजा केलं की एका वस्तूवर मोजून सहा तास पडतात. १,२०० ÷ ६ = २०० रुपये तास. आठने भागलं तर १५० येतात आणि पहिल्याच पायरीवर पाव भाग गळतो.

आता कारखान्याचा खर्च. भाडं, वीजबिल, पाती, रंध्याच्या मशीनची देखभाल, फोन, सफाई मिळून महिना ३०,००० धरू. दोन मिस्त्री, २५ दिवस, रोज सहा तास म्हणजे ३०० तास. तासाला १०० रुपये. एकूण दर ३०० रुपये तास.

स्वतः मालक हत्यार हातात घेत असेल तर त्याचे तासही याच दराने धरायचे. "माझं काय, मी घरचाच" असं म्हणून मालक स्वतःचे तास सोडून देतो. मग काम वाढलं आणि माणूस ठेवायची वेळ आली की त्याच्या पगाराला भावात जागाच नसते.

टप्पा २: नेमकं काय हवंय ते कागदावर घ्या

फोटो पाहून भाव सांगू नका. फोटोत लाकडाची जाडी दिसत नाही आणि कोरीवकाम किती खोल आहे तेही कळत नाही. विचारायच्या गोष्टी:

- पाठ एका बाजूने दिसणार की दोन्ही? दिवाणखान्याच्या मधोमध टांगलेल्या झोपाळ्याची मागची बाजूही तितकीच घासावी आणि पॉलिश करावी लागते.
- कोरीवकाम उठावाचं की नुसत्या खोदलेल्या रेघांचं? उठावाला पार्श्वभूमी खाली घ्यावी लागते, त्यात वेळ कित्येक पट जातो.
- पॉलिश कोणतं? चपड्याचं (लाखेचं), मेलामाइन की पीयू (पॉलियुरेथेन)?
- गादी असणार का? असेल तर बैठकीच्या पट्ट्यांचा वरचा भाग आरशासारखा घासायची गरज नाही.
- कड्या कोण आणणार? पितळी कड्या वजनावर विकल्या जातात आणि त्यांचा भाव हलता असतो, म्हणून त्या आपल्या भावात घेऊच नका.
- जिना, लिफ्ट, दार यांची मापं. पाच फुटी वस्तू वळणात अडकते तेव्हा पाठ सुटी करून न्यावी लागते, आणि ते सांधे करतानाच ठरवायला हवं.

*तपासा:* स्लॅबमधला हूक कोण बसवणार? तयार झोपाळा ५० किलोच्या आसपास भरतो, वर तीन माणसं आणि झोक्याचा हिसका. हूक बसवणं गिऱ्हाइकाच्या बांधकामवाल्याकडे असेल तर तसं कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा.

टप्पा ३: तुकड्यांची यादी करा, मग घनफूट

झोपाळा नजरेसमोर ठेवून "पाचेक घनफूट लागेल" म्हणणारे जुने मिस्त्री बरेचदा बरोबर असतात. पण यादी केवळ लाकडासाठी नसते. पुढचे सगळे तास तिच्यावरून निघतात, म्हणून ती टाळता येत नाही.

सूत्र सोपं आहे: लांबी फुटात × रुंदी इंचात × जाडी इंचात ÷ १४४. मापं मात्र कच्च्या तुकड्याची घ्यायची. तयार पट्टी ६० × ४ × पावणेदोन इंच हवी असेल तर ६३ × साडेचार × २ इंचाचा तुकडा धरा: टोकांना दीड-दीड इंच, रंध्यासाठी जाडीत पाव इंच, रुंदीत अर्धा इंच. अशा एका पट्टीला ५.२५ × ४.५ × २ ÷ १४४ = ०.३३ घनफूट लागतं.

आपल्या झोपाळ्याची यादी (सगळी कच्ची घनफुटं):

- बैठकीच्या चौकटीच्या दोन लांब पट्ट्या: ०.६६
- तीन आडव्या पट्ट्या: ०.३८
- बैठकीच्या सहा पट्ट्या, सव्वा इंच जाड: १.०९
- पाठीची कोरीव पट्टी: ०.४१
- पाठीची खालची पट्टी: ०.२६
- १४ दांड्या: ०.४५
- पाठीचे दोन खुंट: ०.२८
- दोन हात: ०.१९
- हाताखालचे दोन कातीव खुंट: ०.१३

बेरीज ३.८५. यात गाठी, तडे, बाहेरचं पांढरं लाकूड आणि करवतीची भुकटी यांसाठी २५ टक्के वाढवले की ४.८ येतात. ५ घनफूट घ्या. घनफुटाला ४,५०० रुपये धरले तर २२,५०० रुपये.

*इशारा:* वखारीत गोल लाकडाचं माप घेर चौथाईने घेतात, म्हणजे घेराचा चौथा भाग गुणिले तोच, गुणिले लांबी. कापलेल्या मालाचं माप वेगळं. दोन वखारींचे भाव ताडून बघताना दोन्हीकडे एकाच प्रकारचं माप आहे ना, ते आधी विचारा.

कोरीवकामाची पट्टी वखारीतच वेगळी निवडून बाजूला काढा. तिला सरळ रेषेचं, बिनगाठीचं, एकसारख्या रंगाचं लाकूड लागतं, आणि उरलेल्या ढिगातून ते नंतर मिळत नाही. या निवडीचे तासही हिशेबात येतात. वखारीत उभं राहणं हेसुद्धा काम आहे.

गिऱ्हाईक स्वतःचं लाकूड आणतं तेव्हा

"वाडा पाडला, तुळया आहेत, त्याचाच झोपाळा करा." ही ऑर्डर ऐकायला गोड असते. जुनं सागवान सुकलेलं, पक्कं असतं हे खरं, पण त्यात खिळे असतात. वरून दिसणारे काढता येतात. डोकं तुटून आत राहिलेला खिळा रंध्याच्या मशीनची पाती एका फेरीत खराब करतो. लोहचुंबक फिरवा, भिंतीतली वायर शोधायचं डिटेक्टर असेल तर तेही फिरवा, आणि तरीही खिळे काढणं, साफ करणं, चिरणं या कामाचा एकरकमी भाव देऊ नका. ते प्रत्यक्ष तासांवर लावा. पात्यांच्या धारेचा खर्च वेगळा लिहा. एका तुळईतून पुरेसा माल निघाला नाही तर नवीन लाकूड गिऱ्हाईक देईल, हेही लिहा. आणि माल आपला नसला तर मजुरी वाढते, घटत नाही. गिऱ्हाइकाला हे पटवणं जड जातं, पण काम सुरू व्हायच्या आधीच पटवायला हवं.

टप्पा ४: कामं सुटी करा आणि प्रत्येकाचे तास लिहा

"दहा दिवसांचं काम" असा अंदाज इथे चालणार नाही. यादीतल्या प्रत्येक कामाला मोजता येईल असं एकक लावायचं.

सांध्यांचं उदाहरण घेऊ. चौकटीच्या तीन आडव्या पट्ट्यांची सहा टोकं, पाठीच्या दोन पट्ट्यांची चार, खुंट बैठकीत बसतात ती दोन, हात मागच्या खुंटात शिरतात ती दोन, हाताखालचे खुंट वर-खाली मिळून चार. एकूण १८ कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी टोकं. आखणी, खाच, कुसू आणि बसवून बघणं यांना प्रत्येकी ३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. दांड्यांची २८ भोकं, पाच मिनिटांची एक, म्हणजे सव्वादोन-अडीच तास. मिळून १३ तास. आता कुणी म्हणालं, "आडवी पट्टी अजून एक टाका", तर ती किती तासांची हे लगेच सांगता येतं.

बाकीची कामं:

- भेटी, मापं, ड्रॉइंग, कोटेशन: ४
- लाकूड निवडणं आणि आणणं: ५
- आखणी आणि कापणी: ५
- रंधा आणि जाडी एकसारखी करणं: ६
- सांधे: १३
- कोरीवकाम: २० (पुढे पाहा)
- कोरडी जोडणी आणि चिकटवणं: ६
- घासकाम: १४
- पॉलिश: १२
- घरी नेऊन टांगणं: ६

एकूण ९१ तास.

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी बहुतेक कोटेशनांत नसतातच. या दोन ओळींचे १० तास म्हणजे ३,००० रुपये. ते मिळाले नाहीत तर नफ्यातून जातात.

*तपासा:* एकच झोपाळा असो की सारखे तीन, ड्रॉइंग आणि मशीन लावणं एकदाच. कापणी, सांधे, घासकाम प्रत्येकाला तितकंच. दोन झोपाळ्यांना सूट देताना फक्त पहिल्या प्रकारच्या तासांतून द्या.

टप्पा ५: कोरीवकामाचे तास नमुन्यावरून काढा

अंदाज सर्वांत जास्त इथे चुकतो. आपली पट्टी ५ फुटांची. मध्ये एक फूट मुख्य नक्षी, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट वेल. वेलीचा एक घोट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भाग, सहा इंचांचा धरला तर प्रत्येक बाजूला चार, एकूण आठ.

टाकाऊ सागवानी तुकड्यावर तीन घोट कोरून बघा. पहिल्याला घड्याळ लावू नका. त्यात हात बसत असतो आणि कोणती पटाशी आधी घ्यायची याचा क्रम ठरत असतो. तिसऱ्याचा वेळ धरा. समजा तो दीड तास आला. आठ घोटांचे १२ तास.

आणखी एक तास वेगळा ठेवा. डावीकडची वेल उजवीकडे उलटी फिरते, पण लाकडाची रेषा उलटत नाही. डाव्या पानाचं टोक जिथे एका फटक्यात सुटलं, तिथेच उजव्या बाजूला पटाशी रेषेविरुद्ध जाते आणि टोक उडतं. मग हातोडी बाजूला ठेवून, पटाशी दोन्ही हातांत धरून, पातळ पातळ काप घ्यावे लागतात. आरशातली नक्षी कागदावर फुकट मिळते, लाकडावर नाही.

मुख्य नक्षीचे ५ तास, कागदावर काढून लाकडावर उतरवायचे २. एकूण २०.

मोर, हत्ती, गणपती यांना घोटांचा हिशेब लागत नाही. तिथे कारागिराला कागदावर नक्षी दाखवून नगावर भाव घ्या. चेहरा असेल तर आधीचं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

टप्पा ६: बाहेर द्यायची कामं

दांड्या कातारी, म्हणजे लेथवर कातकाम करणारा, करेल. १४ दांड्यांना प्रत्येकी १००, दोन खुंटांना प्रत्येकी २५०, एकूण १,९०० रुपये. त्याला लाकूड चौकोनी करून, दोन्ही टोकांना केंद्र आखून द्या. नाहीतर त्या कामाचा तास कातारी तुमच्या बिलात लावेल, आणि ते बरोबरच असेल. दांड्या मशीनवर फिरत असतानाच घासून मागा. जोडणीनंतर हाताने १४ दांड्या घासणं हा शुद्ध छळ आहे, आणि वर धरलेल्या घासकामाच्या १४ तासांत तो बसत नाही.

दोन दांड्या जास्तीच्या करून घ्या. एखादी बसवताना तुटली तर एका दांडीसाठी कातारी पुन्हा मशीन लावत नाही.

टप्पा ७: घासकाम आणि पॉलिश यांना कमी लेखू नका

जोडणी झाली की वस्तू तयार दिसते. गिऱ्हाईक येऊन फोटो काढून जातं आणि "परवा नेऊ का?" विचारतं. खरं तर मजुरीच्या तासांतले पाव-एक अजून बाकी असतात.

घासकामाचा क्रम सँडपेपरचे ८०, १२०, १८०, २४० नंबर असा धरा आणि नंबर गाळू नका. ८० च्या ओरखड्यांवर थेट १८० मारला की ते कच्च्या लाकडात दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात पडताच उभे राहतात. मग उतरवून परत घासा. सांध्याभोवती सांडलेल्या फेविकॉलचंही असंच आहे. ओला असताना पुसला तर एक मिनिट, वाळल्यावर खरवडायला दहा, आणि राहून गेला तर तिथे पॉलिश मुरत नाही, पांढुरका डाग कायमचा राहतो.

कोरीवकामातलं पॉलिश सपाट भागाच्या चौरस फुटाच्या दराने धरू नका. खाचांत साचलेलं लॅकर ब्रशने उचलावं लागतं.

*इशारा:* पावसाळ्यात दमट हवेत लॅकर आणि चपडा दोन्ही पांढरे पडू शकतात. कोकणात जून ते सप्टेंबर पॉलिशचे तास तेवढेच राहिले तरी उघडिपीची वाट बघण्यात दिवस वाढतात. ते तारखेत धरा.

पॉलिशचा माल, फेविकॉल, कागद, स्क्रू मिळून ४,००० रुपये आणि वाहतूक १,५०० रुपये धरू.

टप्पा ८: बेरीज

९१ तासांवर १५ टक्के राखीव. आत निघालेली गाठ, फुटलेला कुसू, चुकीचा कापलेला तुकडा यांसाठी. ९१ × १.१५ म्हणजे १०५ तास.

- मजुरी आणि कारखाना, १०५ × ३००: ३१,५००
- लाकूड: २२,५००
- कातकाम: १,९००
- पॉलिशचा माल आणि किरकोळ: ४,०००
- वाहतूक: १,५००

खर्च ६१,४०० रुपये. त्यावर १५ टक्के नफा ९,२१०. भाव ७०,६१० रुपये, म्हणजे ७०,६०० सांगा. नोंदणी असेल तर लाकडी फर्निचरवरचा १८ टक्के जीएसटी वेगळ्या ओळीत, भावात मिसळून नाही. महाराष्ट्रात निव्वळ माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, सेवेला २० लाखांची. गिऱ्हाइकाच्या लाकडावरची मजुरी सेवेत मोडते, तेव्हा दोन्ही प्रकारची कामं करत असाल तर सीएला आधीच विचारा.

आता सुरुवातीचा हिशेब याशेजारी ठेवा. लाकडाच्या साठ टक्के मजुरी म्हणजे १३,५००. आपल्या दराने ४५ तास. तेवढ्यात लाकूड आणून, कापून, सांधे करून कोरीवकामात जेमतेम अर्ध्यापुढे जाल. तिथून पुढचं सगळं फुकट.

राखीव तास आणि नफा एकमेकांत मिसळू नका. राखीव तास अडचणीसाठी असतात, बहुतेक ऑर्डरींत ते संपतातच.

टप्पा ९: तारीख

१०५ तासांना सहाने भागलं की साडेसतरा दिवस. हीच तारीख सांगितली तर पस्तावाल. कातारी आपल्या सोयीने देणार, चिकटवलेले सांधे रात्रभर शिकंज्यात राहणार, पॉलिशचे हात सुकणार, मिस्त्री दोन दिवस गावी जाणार. या झोपाळ्याला पाच आठवडे सांगा. दसरा किंवा वास्तुशांतीची तारीख असेल तर तिच्याआधी आठ दिवसांची तारीख धरून मागे मोजत या, आणि वेळ पुरत नसेल तर ऑर्डर घेतानाच नाही म्हणा.

टप्पा १०: कोटेशन लिहिणं

एक पान पुरतं. मापं, लाकडाचा प्रकार, नक्षीचं सही केलेलं ड्रॉइंग, पॉलिशचा प्रकार आणि सहीचा रंगनमुना, काय धरलेलं नाही (कड्या, हूक, गादी), भाव किती दिवस लागू. वखारीचा भाव हलतो, म्हणून १५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देऊ नका.

पैशांचे तीन हप्ते: लाकूड घेण्याआधी ५० टक्के, पॉलिशआधी ३०, टांगल्यावर २०. मधला हप्ता सगळ्यात महत्त्वाचा. पॉलिशआधी गिऱ्हाइकाला बोलवा, बसवून बघा, मापं आणि नक्षी मंजूर करून घ्या. पॉलिशनंतर "हात जरा खाली हवे होते" हे वाक्य फार महाग पडतं.

बदलांसाठी एक ओळ: सहीनंतरचा प्रत्येक बदल ताशी ३०० रुपये अधिक माल, आणि तारीख त्याप्रमाणे पुढे.

घासाघीस होणारच. "अहो मिस्त्री, बाजारात तयार झोपाळा निम्म्यात मिळतो." यावर भाव कमी करू नका, काम कमी करा. "काका, कोरीवकाम वगळून पट्टीला नुसती गोलाई केली तर वीस तास वाचतात, सहा हजार कमी होतील. तसं करू का?" यादी हातात असली की हे उत्तर तिथल्या तिथे देता येतं, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक वेलच ठेवतं. राखीव धरून खरी बचत ६,९०० आहे, पण ते ९०० आपल्याकडे राहू द्या. बदललेलं ड्रॉइंग परत काढावं लागतं.

टप्पा ११: काम चालू असताना नोंद

यादीतल्या दहा ओळींची छापील प्रत कामाच्या टेबलाशी टांगा. मिस्त्रीने रोज संध्याकाळी कामासमोर तास लिहायचे, अर्ध्या तासापर्यंत. पोराने फोनवर नोंदवलं तरी चालेल, पण त्याच दिवशी; आठवड्याने आठवून लिहिलेले तास नेहमी गोल आकड्यांचे आणि खोटे असतात. हे मिस्त्रीवर पाळत ठेवण्यासाठी नाही हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो तुम्हाला आवडतील तेच आकडे लिहील.

झोपाळा टांगून आल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष तास शेजारी मांडा. एकूण बेरीज जुळली म्हणून वही मिटू नका. कोरीवकामात सहा तास जास्त आणि घासकामात सहा कमी लागले असतील तर बेरीज जुळेल, पण पुढची ऑर्डर बिनकोरीव असली तर भाव उगाच जास्त निघेल आणि जास्त कोरीव असली तर तोटा होईल. ज्या ओळीत फरक पडला तिचंच एकक बदला: ३५ मिनिटांचा कुसू ४० चा करा, दीड तासाचा घोट पावणेदोनचा. एका ऑर्डरीवरून राखीव टक्का मात्र बदलू नका. तीन-चार ऑर्डरींच्या नोंदी जमल्या की मगच.